बेलिफकाकांना, कोर्टासमोरच्या झेरॉक्सवालीकडून

आदरणीय बेलिफकाका,
सा. न. वि. वि.

माझा निकाल लागला. फौजदारी न्यायव्यवस्थेचा डिप्लोमा, दूरशिक्षणाने. दोन वर्षं, आणि वर एक राहिलेला पेपर. हे दुकानातच सांगितलं असतं, पण जन्मभर कोर्टाची समन्सं लोकांच्या दारी पोचवणारे तुम्ही, तोंडावर आभार मानले की "बरं बरं" म्हणत छत्री उघडता. म्हणून चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील, तेव्हा तरी उठून जाऊ नका.

गोव्यात डिचोलीच्या कोर्टासमोर मी दहाहून जास्त वर्षं झेरॉक्स काढतेय. एफआयआर, जामीन अर्ज, चार्जशीटचे गठ्ठेच्या गठ्ठे. पानं मागेपुढे होऊ द्यायची नाहीत आणि स्टेपल कोपऱ्यात मारायची, एवढंच माझं काम. आत काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. त्याचीच पुढे लाज वाटायला लागली आणि मी नाव घातलं. वकील होण्यासाठी नव्हे. दूरशिक्षणाची एलएलबी बार कौन्सिल मानत नाही, हे तुम्हीच पहिल्या दिवशी बजावलं होतंत. पुस्तकं इंग्रजीत. 'कॉग्निझन्स'पाशी मी तीन रात्री अडकून पडले होते. तुम्ही चष्मा न लावताच म्हणालात, "दखल गो, दखल. दखलपात्र गुन्ह्यांच्या प्रती काढतेस ना रोज?" काढत होते. शंभर वेळा काढल्या असतील.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात: "तू आत जाऊन बसलीस कधी?"

नव्हते बसले. रस्ता ओलांडला की कोर्ट, तरी इतक्या वर्षांत नाही. आपल्यासारख्यांना आत सोडत नाहीत असंच वाटायचं. खटला खुल्या न्यायालयात चालतो, कुणीही जाऊन बसावं, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्ये होतं, आणि ते कलम मी त्याच आठवड्यात पाठ केलं होतं! तुम्ही मला मागच्या बाकावर नेऊन बसवलंत, मोबाइल बंद करायला लावलात आणि स्वतः बाहेर चहाला गेलात. त्या दिवशी एका पोराला रिमांडसाठी, म्हणजे कोठडी ठरवायला, आणलं होतं, विशीच्या आतबाहेरचा. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, घटनेचं कलम 22. मॅडमनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? पोराने आधी शेजारच्या शिपायाकडे बघितलं, मग मान हलवली, नाही म्हणून. वकील आहे का, यावरही नाहीच. मग विधी सेवेचा मोफत वकील देण्याचं बोलणं झालं. सगळं मिळून पाच मिनिटं झाली असतील. बाहेर आले तर तुम्ही विचारलंत, "कुणाकडे बघितलं त्याने?" आत नसूनही तुम्हाला माहीत होतं. त्यानंतर दर बुधवारी मी तासभर शटर ओढून आत जाऊन बसायचे. दुकानमालकाला हे आत्ता कळेल, असो.

तुमचं रागावणंही लिहायलाच हवं. पहिल्या सहामाहीतच मला शिंगं फुटली होती. मये गावचा एक माणूस दिवाणी दाव्याच्या समन्सची प्रत काढायला आला. म्हणाला, मी घरी नव्हतो, दाराला चिकटवून गेले. मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, हातात दिलं नाही ना, मग कसलं समन्स! तुम्ही बाकावर पेपर वाचत होता. पेपर खाली ठेवलात, त्याच्या हातातला कागद घेतलात, तारीख बघितलीत (पुढचा सोमवार) आणि त्याला तसाच वकिलाकडे पिटाळलंत. माणूस घरी सापडला नाही तर दाराला डकवणं हीसुद्धा कायद्याने बजावणीच, आणि तो गेला नसता तर त्याच्या माघारी एकतर्फी हुकूम झाला असता. तुम्ही आयुष्यभर अशी दारं डकवलीत. मला म्हणालात, "बाय, तू झेरॉक्स काढ. सल्ला देऊ नको." त्या संध्याकाळी मी रडले होते, तुम्हाला ठाऊक नसेल.

आणि ते कॅलेंडर. 1 जुलै 2024 ला तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि माझी पुस्तकं सगळी जुन्यांवरची. भारतीय दंड संहितेच्या 511 कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 358; प्रक्रिया संहितेची उलट वाढून 531 झाली. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायच्या बेतात होते मी. दुसऱ्या दिवशी तुम्ही पतसंस्थेच्या कॅलेंडरचं जूनचं पान फाडून घेऊन आलात. पाठकोऱ्या बाजूला पट्टीने आखलेले दोन रकाने: खुनाच्या 302 चं 103, चोरीच्या 379 चं 303, विवाहितेच्या छळाच्या 498-अ चं 85, एफआयआरच्या 154 चं 173. चारशेवीसच्या पुढे 318 लिहून कंसात तुमची टीप, "शिवी जुनीच चालेल." तुम्ही तर दिवाणीचे, फौजदारीची समन्सं पोलीस नेतात; तरी कुणाकुणाला विचारत बसला होता, ते मला नंतर कोर्टातल्या क्लार्ककडून कळलं. ते पान लॅमिनेट करून मशीनच्या वर लावलंय. आता ज्युनिअर वकीलसुद्धा मान वर करून बघतात.

गुन्हेगारीशास्त्राच्या पेपरात आपली गंमत व्हायची. इटलीच्या लोम्ब्रोसो डॉक्टरने 1876 मध्ये लिहिलं की जन्मजात गुन्हेगार कवटी-जबड्यावरून ओळखू येतो. तुम्ही हसून म्हणालात, तीस वर्षं लोकांचे जबडेच बघितले, दार उघडणारा कोण निघेल ते एकदाही ओळखता आलं नाही. अमेरिकेच्या सदरलँडला मात्र हसला नाहीत. पांढरपेशा गुन्हा ही त्याची कल्पना, 1939 ची. प्रतिष्ठित माणूस धंद्याच्या ओघात करतो तो. मी वाचत होते आणि तुम्ही खिडकीतून रस्त्याकडे बघत होता. आपल्या खाणींच्या डिचोलीत हे कुणी कुणाला समजावायचं? सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या, आणि आमचा खनिज वाहणारा टिपर ट्रक अंगणात उभा राहिला. कर्जाचे हप्ते काही उभे राहिले नाहीत. तेव्हा मी या दुकानात लागले. परीक्षेत पांढरपेशा गुन्ह्यावर प्रश्न आला, तेव्हा उदाहरण शोधावं लागलं नाही. त्याच पेपरात सगळ्यांत जास्त गुण आहेत.

गुणपत्रिका आलीय. तिच्या प्रती काढून ठेवल्यात, एक तुमच्यासाठी. शनिवारी या. आणि दर वेळी स्टेपलरखाली दोन रुपये सरकवून जाता, तसे या वेळी सरकवायचे नाहीत.

तुमची,
झेरॉक्सवाली