श्रीधरास, मागच्या देखाव्यांविषयी

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. रक्तदाब गोळीच्या धाकात आहे, सुनंदा मजेत आहे आणि थंडीविषयी लिहिले की तू चेष्टा करतोस, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात जे घडले ते येथे कोणालाही सांगितले तर "मग त्यात काय बिघडले?" एवढेच ऐकायला मिळते; ज्याने आयुष्यभर नाटकांचे पडदे रंगवले त्याच्याकडूनच मला याचा निकाल हवा आहे.

एका छापखान्यामार्फत माझ्याकडे दिनदर्शिकेचे काम आले आहे. विषय बेसबॉलची जुनी कार्डे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येथे सिगारेटच्या पाकिटात खेळाडूचे चित्र छापलेला छोटा पुठ्ठा घालत. पाकीट चेपू नये आणि गिऱ्हाइकाने पुढचे पाकीटही त्याच कंपनीचे घ्यावे, असे दोन्ही हेतू त्यातून साधत. एवढ्या जुन्या कार्डांवरचे हक्क आता उरलेले नाहीत आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ या काळातली सुमारे २,१०० कार्डे कोणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत, त्यामुळे चित्रे मिळवणे अवघड नाही. अडचण पुढेच आहे. गिऱ्हाइकाची सूचना अशी की बारा खेळाडू कापून घ्यावेत, मागचा देखावा उडवून टाकावा आणि त्यांना आजच्या झगमगत्या स्टेडियमच्या छायाचित्रावर बसवावे. "मागे तसेही काही नाही," असे तो म्हणाला. तू तेथे असतास तर त्याला खुर्चीसकट बाहेर नेऊन ठेवला असतास. मी मात्र चहा मागवला, कारण मला घराचे हप्ते आहेत.

मागे काय आहे ते तुला सांगतो. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात 'ओल्ड जज' सिगारेटबरोबर दिलेली कार्डे म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेली तपकिरी छटेची अस्सल छायाचित्रे आहेत. धावत्या माणसाला पकडणे त्या काळच्या कॅमेऱ्याला जड जाई, म्हणून मैदानाऐवजी खेळाडूंनाच स्टुडिओत आणले गेले. मागे झाडाझुडपांचा रंगवलेला पडदा आणि पुढे झेल घेण्याच्या पवित्र्यातला गडी, दोन्ही हात उंचावून चेंडूकडे टक लावून पाहणारा. तो चेंडू वरून दोऱ्याने टांगलेला असतो आणि चित्र मोठे करून पाहिले तर दोरा स्पष्ट दिसतो. दुसऱ्या एखाद्या कार्डावर बेसकडे घसरत चाललेला खेळाडू प्रत्यक्षात स्टुडिओच्या जमिनीवर निवांत पहुडलेला असतो. आमच्या गिऱ्हाइकाला तो दोराही नको आहे. पडदा गेला आणि दोराही गेला, म्हणजे उरतो तो अधांतरी चेंडूपुढे हात वर करून उभा राहिलेला एक मिशाळ गृहस्थ, दुसऱ्या अंकात दाढी सुटल्यावर आपला बाळ्या उभा राहिला होता तसा.

पण माझी खरी झोप उडवली आहे ती पुढच्या कार्डांनी. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सोळा ब्रँडच्या पाकिटांतून वाटलेला तो संच ५२४ कार्डांचा मानतात आणि त्याला सगळे टी २०६ म्हणतात. मुळात खेळाडूंची कृष्णधवल छायाचित्रे घेतली, त्यांवरून न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीतल्या चित्रकारांनी रंगीत चित्रे तयार केली आणि एकेक रंग स्वतंत्रपणे चढवून ती शिळाछापाने छापली. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून आपल्या आजीच्या देवघरात आलेली लक्ष्मी ज्या विद्येने छापली होती, तीच ही विद्या. जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून किंचित उंच एवढ्या पुठ्ठ्यावर या माणसांनी क्षितिजालगत पिवळसर नारिंगी आणि वर निळे होत जाणारे आकाश रंगवले, खाली कुंपण घातले, पलीकडे झाडांची रांग काढली. मूळ छायाचित्रात रंग नव्हताच, तेव्हा ती संध्याकाळ सर्वस्वी रंगवणाऱ्याची आहे. मोठ्या लीगमध्ये दिव्यांच्या उजेडात पहिला सामना झाला तो १९३५ मध्ये. त्याआधी या लीगमधला सगळा खेळ सूर्याच्या भरवशावर चाले, त्यामुळे उतरत्या उन्हाचे ते आकाश पाहणाऱ्याला ओळखीचेच वाटले असणार. यांपैकी एकाही कार्डावर चित्रकाराचे नाव नाही.

गिऱ्हाइकाला नमुना दाखवायचा म्हणून मी एक गडी कापून पाहिला. तुला हे हसू येण्यासारखे वाटेल, पण मला धक्का बसला. त्याचा पांढरा पोशाख पांढऱ्या पानावर ठेवताच खांदा नाहीसा झाला. खांद्याला रेघ नव्हतीच; पोशाखाचा उजळ भाग म्हणजे न छापलेला कोरा पुठ्ठा होता आणि तो खांदा म्हणून दिसत होता तो केवळ मागच्या निळ्या रंगामुळे. आता आकाश काढायचे तर खांदा मला नव्याने काढावा लागणार, म्हणजे त्या अनाम माणसाच्या चित्रात मी माझी रेघ घुसडणार. मागे काही नाही म्हणणाऱ्याला हे कसे समजावून सांगू?

येथे तू लगेच काळ्या पडद्याचे प्रकरण उकरून काढशील, हे मला ठाऊक आहे. स्पर्धेच्या दोन दिवस आधी नानांनी तुझा वाड्याचा पडदा गुंडाळून काळे कापड टांगले आणि मी नानांच्या बाजूने बोललो, यावरून तू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलला नव्हतास. त्या नाटकापुरते माझे मत आजही तेच आहे. तेथे नट हलत होते, प्रकाश आपल्या हातात होता, शिवाय नाटक अजून घडायचे होते आणि तू भांडायला समोर हजर होतास. येथे चित्र शतकापूर्वीच पुरे झालेले आहे आणि ज्याने भांडावे तो उरलेला नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असे तुला वाटत असेल, तर तसे स्पष्ट लिही. फक्त नानांच्या वेळचे शब्द वापरू नकोस, पत्र सुनंदाही वाचते.

बिनपार्श्वभूमीची कार्डे मुळीच नव्हती, असे मात्र नाही. व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ मध्ये काढलेल्या कार्डांवर खेळाडू कोऱ्या पांढऱ्या जागेवर उभे आहेत आणि फार देखणे दिसतात, कारण ते तसेच योजलेले होते. त्याच कंपनीने १८८८ मध्ये आपली दुसरी मालिका मोठ्या आकारातही काढली, तेव्हा त्याच चित्रांच्या मागे देखावे भरले. जागा वाढली तेव्हा तिने देखावा मागितला, हे ज्याचा धंदा तंबाखू विकण्याचा त्यालाही कळत होते.

संग्राहकांचे तर बोलायलाच नको. होनस वॅगनरचे टी २०६ कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. हे लोक भिंग घेऊन कार्डाचे चार कोपरे तपासतात, समास सारखे आहेत की नाहीत ते मोजतात, मग ते जाड प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करतात. वॅगनरच्या मागे सपाट नारिंगी रंग आहे. टाय कॉबच्या चार कार्डांपैकी एकात मागे लाल आहे तर एकात हिरवा. संग्राहक त्यांना 'लाल कॉब' आणि 'हिरवा कॉब' म्हणूनच ओळखतात. ज्या रंगावरून कार्डाचे नाव पडते तो रंग "काही नाही" कसा ठरतो?

याच्या अगदी उलट एक गंमत सांगतो, ती दिनदर्शिकेत नाही. टॉप्स कंपनीच्या १९५६ च्या कार्डांवर पुढे खेळाडूचा मोठा चेहरा आणि मागे खेळातला एखादा क्षण अशी मांडणी आहे. हँक आरनच्या कार्डावर मागे घसरत येणारा गडी आरन नसून विली मेज आहे. चित्र मेजचे, त्यावर टोपी आरनच्या संघाची. मागे कोणी बघत नाही, या भरवशावर केलेले काम पुढे सत्तर वर्षे लोक बोट दाखवून सांगत राहतात.

मी त्याला दोन पर्याय कळवले आहेत. पहिला असा की मूळ कार्ड देखाव्यासकट अख्खे पान भरेल एवढे मोठे करून छापावे. तेवढ्या मोठ्या आकारात शिळाछापाचे ठिपके दिसतात आणि ते पाहण्यासारखे असतात. दुसरा असा की खेळाडू कापायचेच असतील तर ते काम दुसऱ्याकडून करून घ्यावे आणि माझे नाव पानावर कोठेही येऊ नये. दुसरा पर्याय लिहिताना मला बरे वाटले नाही, कारण नाव काढून घेतल्याने कातर थांबत नाही. सुनंदाचे म्हणणे असे की पैसे चांगले आहेत, कापून टाका आणि श्रीधरभावजींना कळवू नका. म्हणून तुला कळवतो आहे. बुधवारी त्याला उत्तर द्यायचे आहे, तेव्हा त्याआधी फोन कर. तुमच्याकडे रात्री आठनंतर केलास तर मी टेबलापाशीच असेन. सरळ नकार द्यावा, असे तुझे मत असेल तर कारण दोन वाक्यांत सांग, कारण माझ्याकडे ते दोन पाने भरून आहे आणि तेवढे ऐकून घेणारा तो नाही.

वहिनींच्या गुडघ्याचे काय ठरले? ऑपरेशन करायचे असेल तर पावसाळ्याआधी उरका. मुक्ताला मुलगी झाल्याचे बाळ्याकडून कळले, तुझ्याकडून नाही, याचा राग भेटीत काढीन. वखारीतल्या जुन्या पडद्यांना वाळवी लागली, असे तू लिहिले होतेस. निदान वाड्याच्या पडद्याचे तरी चांगल्या उजेडात छायाचित्र काढून ठेव, सरळ समोरून आणि कडांसकट.

तुझा,
वसंता