प्रॅक्टिकलच्या सहीआधी दुसरा कंपायलर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशी चिपविषयी आपल्या पानांवर बरेच छापून येते. पवईच्या आयआयटीचा ‘अजित’ स्पार्क या आज्ञा-संचाच्या घराण्यातला, मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ रिस्क-फाइव्ह घराण्यातले. वाचून बरे वाटते. पण चिप हातात आली की तिच्यावर आधी चढवायचा असतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि तो ज्या कंपायलरमधून, म्हणजे कोडच्या यंत्राच्या आज्ञा करणाऱ्या प्रोग्रॅममधून, निघतो त्याविषयी कुठे अवाक्षर नसते. मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला जे छोटे कर्नल लिहून घेतले जातात, ते बहुधा लॅबच्या यंत्रावर असेल त्या जीसीसी या कंपायलरवर बिल्ड होतात, क्यूईमूच्या, म्हणजे नकली संगणकाच्या, खिडकीत एक ओळ उमटते आणि जर्नलवर सही पडते. सही करण्याआधी तोच कोड क्लँग या दुसऱ्या कंपायलरवर बिल्ड करून, चालवून दाखवायला सांगावा, एवढ्यासाठी हे पत्र.

जीसीसी वाईट आणि क्लँग चांगला, असे म्हणणे नाही. छपराला भोक असेल तर ते कळायला जून उजाडावा लागतो. दुसरा कंपायलर हा तसा पहिला पाऊस आहे. भोक आधीपासूनच असते.

लिनक्सलाही यातून जावे लागले. तो कितीतरी वर्षे जीसीसीच्याच भरवशावर होता. फंक्शनच्या पोटात फंक्शन, स्ट्रक्चरच्या आत चलनुसार लांबी बदलणारा ॲरे, असल्या जीसीसीच्या खास सवलती क्लँगने कधी दिल्याच नाहीत. त्या एकेक करून काढाव्या लागल्या. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीने एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरांसाठी ‘एएसएम गोटो’ (असेंब्लीतून थेट सी कोडमधल्या खुणेवर उडी) सक्तीचे केले आणि क्लँग दाराबाहेर राहिला. क्लँगला ते २०१९ मध्ये, नवव्या आवृत्तीत जमले. ५.७ पासून मात्र ‘मेक एलएलव्हीएम=१’ एवढी आज्ञा दिली की कंपायलर, लिंकर आणि बाकीची हत्यारे एलएलव्हीएमची, म्हणजे क्लँग ज्याचा भाग आहे त्या संचाची, येतात; ५.१५ पासून असेंबलरही त्यात धरला जातो. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर २०१४ च्या दहाव्या आवृत्तीतच एक्स८६ वर क्लँगला घरचा कंपायलर केले होते.

आता विद्यार्थ्यांच्या कोडविषयी. सगळ्यात जास्त घोळ इनलाइन असेंब्लीत, म्हणजे सी कोडमध्ये घुसवलेल्या यंत्राच्या आज्ञांत, असतात. असेंब्लीच्या तुकड्यात काय लिहिले आहे ते कंपायलर वाचत नाही. खाली दिलेल्या कन्स्ट्रेंटवर, म्हणजे कोणती किंमत कुठे ठेवायची या अटींवर, विश्वास ठेवतो. तुकड्यात दोन आज्ञा आहेत, पहिली उत्तराच्या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या खणात) लिहिते आणि दुसरी इनपुट वाचते, असे समजा. कंपायलरचे गृहीतक असे की सगळी इनपुट वाचून झाल्यावरच उत्तर लिहिले जाते, म्हणून तो दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो. तसे होऊ नये यासाठी उत्तराच्या कन्स्ट्रेंटमध्ये अँपरसँडचे चिन्ह घालायचे असते. ते विसरले तरी एका कंपायलरने योगायोगाने वेगळी रजिस्टरे दिली की कोड वर्षभर चालतो. दुसरा एकच देतो आणि इनपुट पुसले जाते. मग ‘क्लँगमध्ये बग आहे’ असा निकाल लागतो.

‘व्होलाटाइल’ (हा तुकडा काढू नको, ही सूचना) विसरण्याचेही तसेच. ज्या तुकड्याला आउटपुट आहे पण ते कुठे वापरलेले नाही, तो तुकडा कंपायलर हक्काने काढून टाकतो. कीबोर्डच्या हेक्स ६० क्रमांकाच्या पोर्टवरून बाइट नुसता वाचून फेकून द्यायचा असेल, तर ऑप्टिमायझेशन चढवल्यावर ते वाचनच गायब होते. कीबोर्ड एक कळ घेतो आणि मुका होतो. स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) सोडणाऱ्या तुकड्याच्या, तो काय काय बदलतो त्या यादीत ‘मेमरी’ हा शब्द नसेल, तर लॉकच्या आतले लिखाण लॉकच्या बाहेर सरकू शकते. हा दोष सगळ्यात चिवट, कारण तो रोज दिसत नाही.

आणखी एक खोड क्लँगची. कन्स्ट्रेंटमध्ये ‘आरएम’, म्हणजे रजिस्टर किंवा मेमरी यापैकी काहीही चालेल असे लिहिले, की क्लँग बहुतेक वेळा मेमरी निवडत आला आहे. अशा वेळी आज्ञेला बी, डब्ल्यू, एल, क्यू यांपैकी प्रत्यय नसेल तर किती बाइटांचे काम आहे ते कळायला मार्ग उरत नाही. ग्नू असेंबलर अशा ठिकाणी बहुधा चार बाइट धरून पुढे जातो. क्लँगचा असेंबलर ‘प्रत्यय स्पष्ट लिहा’ म्हणून थांबतो. उपाय प्रत्यय लिहिणे हाच. कंपायलरला ‘एफ-नो-इंटिग्रेटेड-एएस’ हा फ्लॅग (सूचना) देऊन ग्नू असेंबलरकडे पळता येते, पण ती पळवाट झाली.

दुसरा मोठा घोळ लायब्ररीचा. ‘एफ-फ्रीस्टँडिंग’ (खाली ऑपरेटिंग सिस्टिम नाही, असे सांगणारा फ्लॅग) दिले म्हणजे कंपायलर बाहेरचे काही मागणार नाही, असा समज पक्का बसलेला आहे. तो चूक आहे. मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही मेमरी कॉपी करणारी, भरणारी आणि ताडणारी चार फंक्शने कर्नलने स्वतः पुरवायची असतात. मोठे स्ट्रक्चर एका ओळीत शून्य केले तरी मेमसेटची हाक निघू शकते. गंमत पुढे आहे. विद्यार्थी मेमसेट लिहितो, आत साधा लूप असतो. नव्या जीसीसीचा ओ२, म्हणजे ऑप्टिमायझेशनची वरची पातळी, तो लूप पाहतो, ‘हा तर मेमसेट’ म्हणून ओळखतो आणि लूपच्या जागी मेमसेटचीच हाक घालतो. फंक्शन स्वतःला बोलावत राहते आणि स्टॅक संपतो. त्या एका फाइलला ‘एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स’ हा फ्लॅग लावावा.

एलएलव्हीएम याहून पुढे जातो. मेमसीएमपीचे उत्तर नुसते शून्याशी ताडले असेल तर तो बीसीएमपी हे फंक्शन मागतो, आणि ‘%एस’ एवढ्याच साच्याच्या एसप्रिंटएफच्या जागी एसटीपीसीपीवाय. लिनक्सलाही ही दोन फंक्शने अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये भरावी लागली. लहान कर्नलला ‘एफ-नो-बिल्टिन’ पुरते. ३२ बिटांच्या यंत्रावर ६४ बिटांचा भागाकार केला की ‘यूडिव्हडीआय३’ सापडत नाही अशी लिंकरची तक्रार येते. लिबजीसीसी ही जीसीसीची लायब्ररी जोडावी किंवा भागाकाराचे फंक्शन स्वतः लिहावे.

तिसरी गोष्ट रजिस्टरांची. कर्नलने एसएसईची, म्हणजे एका वेळी अनेक आकडे हाताळणारी, रजिस्टरे जपून ठेवण्याची सोय केलेली नसते, तरी कंपायलर स्ट्रक्चर कॉपी करायला ती खुशाल वापरतो. क्लँग ते नेहमीच करत आला आहे. जीसीसी १२ पासून ओ२ वरच व्हेक्टरायझेशन (अशा रजिस्टरांत काम एकदम उरकणे) सुरू झाल्याने जीसीसीची हमीही कमी झाली. काल चालणारा कर्नल यंत्रावर नवी उबंटू चढवल्यावर बंद पडतो त्याचे एक कारण हे. एक्स८६-६४ साठी ‘एम-नो-एसएसई’ आणि ‘एम-नो-एमएमएक्स’ हवेत, आणि ‘एम-नो-रेड-झोन’ तर हवाच: स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट कंपायलर आपले समजतो, आणि इंटरप्ट आला की प्रोसेसर नेमका त्यांच्यावर लिहितो.

बूट सेक्टरची, म्हणजे यंत्र सुरू होताना डिस्कवरून पहिल्यांदा वाचल्या जाणाऱ्या तुकड्याची, गोष्ट थोडक्यात. त्याच्या ५१२ बाइटांपैकी शेवटचे दोन बाइट, हेक्स ५५ आणि एए, ठरलेले. हातात ५१०, पार्टिशन टेबल ठेवायचे असेल तर ४४६. एका कंपायलरवर ४९० बाइटांत बसलेला लोडर दुसऱ्यावर सहज बाहेर जातो. उबंटूचा जीसीसी पाय (कुठल्याही पत्त्यावर चालेल असा कोड) आणि एंडबीआरच्या (उड्यांवरच्या पहाऱ्याच्या) आज्ञा आपण न मागता घालतो; ‘एफ-नो-पाय’, ‘एफ-सीएफ-प्रोटेक्शन=नन’ आणि ‘ओएस’ (कोड लहान ठेवणारी पातळी) देऊन बघावे.

मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) फ्लॅग तपासूनच लावावेत, कारण दोन्ही कंपायलर इथे वेगवेगळी फसवणूक करतात. क्लँग अनोळखी वॉर्निंगचा फ्लॅग दिसला तर कुरकुर करून पुढे जातो, म्हणून तपासणीत ‘डब्ल्यू-एरर’ (वॉर्निंगलाही चूक धरणारा फ्लॅग) लावल्याशिवाय सगळेच फ्लॅग चालतात असे वाटते. जीसीसी उलट ‘डब्ल्यू-नो’ने सुरू होणारा कुठलाही फ्लॅग मुकाट्याने गिळतो, तो तपासायचा तर ‘नो’ काढून तपासावा.

बिल्ड अडले की ‘डब्ल्यू-एरर काढून टाक’ हा लॅबमधला हमखास सल्ला. जीसीसी १२ मध्ये कोणाच्या शेल प्रोग्रॅमवर अनंत पुनरावृत्तीची वॉर्निंग नाहक येते, तिथे तेवढी एकच बंद करावी. सरसकट बंद करू नये. २००९ मध्ये लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला आणि तो नल (रिकामा) आहे का ते नंतर तपासले, असा कोड होता. वापरला म्हणजे नल नाहीच, असे मानून जीसीसीने तपासणी काढून टाकली, आणि हल्लेखोराला वाट मिळाली. त्यानंतर कर्नल ‘एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ लावून बिल्ड होऊ लागला.

खर्च म्हणाल तर शून्य. उबंटूवर एपीटीने क्लँग, एलएलडी आणि एलएलव्हीएम अशी तीन पॅकेजे बसवली की झाले. रिस्क-फाइव्हसाठी जीसीसीचा वेगळा क्रॉस-कंपायलर लागतो. क्लँगला ‘टार्गेट’ सांगितले की तोच चालतो.

परीक्षकांनी सहीआधी चार गोष्टी मागाव्यात: दोन्ही कंपायलरवर ओ२ आणि ओएस असे मिळून चार बिल्ड, प्रत्येकावर न सापडलेली फंक्शने दाखवणाऱ्या ‘एनएम -यू’चे रिकामे उत्तर, ऑब्जडंपमध्ये (यंत्राच्या आज्ञांच्या यादीत) ‘एक्सएमएम’, म्हणजे एसएसईच्या रजिस्टरांचे नाव, शोधल्यावर एकही ओळ नाही, आणि क्यूईमू ‘-नो-रीबूट -डी इंट’ देऊन चालवल्याची नोंद. ट्रिपल फॉल्ट (यंत्र पुन्हा सुरू व्हायला लावणारी चूक) असेल तर त्याआधीच्या फॉल्टची साखळी त्या नोंदीत दिसते. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये याला वीस मिनिटेही लागू नयेत.

आपला,
सिस्टिम प्रोग्रामिंग जाणणारा एक वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई