बॅटरीत पाणी कोण घालणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य केंद्रांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था आणि कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक दायित्व) विभाग आता पैसा देऊ लागले आहेत. गरज खरीच आहे. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि इतर दोन संस्थांनी जानेवारी 2023 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, कमी आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील जवळपास 100 कोटी लोक ज्या दवाखान्यांवर अवलंबून आहेत तिथे वीज भरवशाची नाही किंवा मुळीच नाही. 63 देशांत किमान वीज पोहोचवायला सुमारे 4.9 अब्ज डॉलर लागतील, असेही त्यांनी सांगितले. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. पहिल्याच वादळी पावसात तारेवर फांदी पडली की तिथल्या गावांची वीज तासन् तास जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांनी या तालुक्यांसाठी निधी द्यावा, असे आम्हालाही मनापासून वाटते. मात्र अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात पॅनेल, इन्व्हर्टर, उभारणी आणि फलक एवढेच असते. सहाव्या वर्षी लागणारी बॅटरी त्यात नसते. हे पत्र त्यासाठी.

पहिली चूक तर कागदावरच होते. शहरातल्या सोसायटीवर बसते तशीच ग्रिडला जोडलेली, बिल कमी करणारी यंत्रणा आरोग्य केंद्रावर बसवली जाते. तिचा इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की काही क्षणांत स्वतःहून बंद होतो. हा बिघाड नव्हे, ती तशीच बनवलेली असते. नाहीतर तारेवर काम करणाऱ्या वायरमनला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसेल. परिणाम असा की भर दुपारी, लख्ख उन्हात, छतावर 5 किलोवॅटची पॅनेल असताना प्रसूतिगृहात अंधार असतो. आरोग्य केंद्राला बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिडची वीज गेली तरी चालू राहणारा) हवा आणि अत्यावश्यक उपकरणांसाठी वेगळा डीबी (वीज वाटणारा बोर्ड) हवा. ऑटोक्लेव्ह (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), गिझर, एसी आणि पाण्याची मोटर या चौघांना त्या डीबीवर जागा नाही. 2-3 किलोवॅटचा ऑटोक्लेव्ह एकदा चालवला की रात्रीची बरीचशी शिल्लक संपते.

आता हिशेब. साध्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 10 पंखे 12 तास आणि 10 वॅटचे 15 एलईडी दिवे 8 तास चालतात असे धरू. नवजात बाळासाठीचा 600 वॅटचा वॉर्मर 3 तास लागतो. आयएलआर (लसींचा फ्रीज) आणि डीप फ्रीजर मिळून दिवसाला साधारण 4 युनिट खातात, सक्शन मशीन, मायक्रोस्कोप आणि संगणक मिळून 1 युनिट. पंखे जुने 75 वॅटचे असतील तर एकूण 17 युनिट होतात. तेच 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर साडेअकरा. म्हणजे आधी पंखे बदलायचे, मग पॅनेल मोजायचे. हा क्रम उलटा झाला की दीडपट पैसा जातो. कोकणपट्टीत 1 किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिट देते, पण जुलैत त्याचे निम्मे धरावे आणि सलग झडीत त्याहूनही कमी. वीज जाते ती नेमकी त्याच महिन्यांत. म्हणून सरासरीवर आखलेली 3 किलोवॅटची यंत्रणा एप्रिलमध्ये उत्तम चालते आणि पावसाळ्यात हात वर करते. 5 किलोवॅट हवे, त्यासाठी सुमारे 50 चौरस मीटर सावलीमुक्त जागा हवी. ‘सावलीमुक्त’ शब्दशः घ्यावे. आंब्याच्या एका फांदीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी मालिकेत जोडलेल्या बाकीच्या पॅनेलांचे उत्पादनही खाली येते. उभारणीच्या दिवशी लहान असलेले झाड चार वर्षांनी केवढे असेल, हे बहुधा कोणी पाहत नाही.

लसींसाठी मोठी बॅटरी हवी, हा समज मात्र दूर व्हायला हवा. आयएलआरच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असते. 24 तासांत 8 तास वीज मिळाली तरी तो आतले तापमान 2 ते 8 अंश सेल्सिअस राखतो. दिवसा उन्हावर चालवला की रात्र निभावते. पूर्वी अनेक देशांत बॅटरीवरचे सौर फ्रीज लसीकरणासाठी पाठवले गेले आणि बॅटऱ्या दगा देत गेल्या. त्यातूनच बॅटरीऐवजी बर्फात थंडावा साठवणारे, थेट पॅनेलवर चालणारे फ्रीज पुढे आले. शिवाय लसीला धोका फक्त उष्णतेचा नसतो. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), आयपीव्ही (पोलिओचे इंजेक्शन) या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात, आणि कुपीवरचा व्हीव्हीएम (रंग बदलणारी खूण) उष्णता दाखवतो, गोठणे नाही. बॅटरी हवी ती वॉर्मरसाठी आणि रात्रीच्या प्रसूतीसाठी. 48 व्होल्ट 200 अँपिअर-तासांचा शिसे-आम्लाचा संच कागदावर 9.6 युनिटचा असतो. टिकवायचा असेल तर त्यातले निम्मेच, म्हणजे 4.8 युनिट वापरावेत. पाच बीएलडीसी पंखे, रात्रीचे दिवे आणि तीन तास वॉर्मर एवढ्यात बसतात.

आणि इथे खरा प्रश्न येतो. शिसे-आम्लाच्या या ट्युब्युलर बॅटरीत दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. पातळी उतरून प्लेटा उघड्या पडल्या की त्यांवर सल्फेट बसतो आणि तो सहसा निघत नाही. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घातले तर क्षारांनी काम आणखी लवकर संपते. पूर्ण चार्ज असताना हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारे उपकरण) प्रत्येक सेलमध्ये सुमारे 1.24 दाखवायला हवा. एखादा सेल इतरांहून 0.03 ने मागे पडला तर तो संपूर्ण संचाला ओढत नेतो. बॅटऱ्या पत्र्याखालच्या बंद खोलीत ठेवल्या तर दर 10 अंश वाढीला आयुष्य निम्म्यावर येते, शिवाय चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन तिथेच कोंडतो. यातले एकही काम अवघड नाही. पण ते कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. आरोग्यसेविकेकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, फार्मासिस्टकडे औषधसाठा आहे, आणि ठेकेदार हमी संपली की फोन उचलत नाही. उपकेंद्रासारख्या लहान जागी आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट सुचवू, कारण त्यात पाणी घालायचे नसते. पण त्याचे नियंत्रक सर्किट बिघडले तर दुरुस्ती तालुक्याला होत नाही, म्हणून बदली सुट्या भागांची सोय करारातच हवी.

याचे चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. ‘गावी’ या जागतिक लस-आघाडीच्या अर्थसाहाय्याने आणि यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने 2015 मध्ये सुरू झालेली ई-विन ही लससाठ्याची व्यवस्था फक्त सिमकार्ड असलेल्या तापमापकांवर उभी नाही. साठा हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि शीतसाखळी पाहायला जिल्ह्याला माणूस नेमला गेला. यंत्राबरोबर माणूस आला, म्हणून यंत्राची नोंद रोज होत राहिली. सौर प्रकल्पांनी निदान तालुक्याला एक तंत्रज्ञ याच धर्तीवर द्यावा. त्याने पावसाळ्याआधी आणि नंतर अर्थिंग मोजावे (5 ओहमच्या आत), वीज कोसळण्याच्या मोसमात सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून यंत्रणा वाचवणारे उपकरण) तपासावा, पॅनेलवरचे शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा सकाळी ऊन चढण्याआधी साध्या पाण्याने धुवावी.

बॅटरी संपल्यावर काय, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. 150 अँपिअर-तासांची एक बॅटरी 55-60 किलो भरते, त्यातले निम्म्याहून अधिक शिसे. ती भंगारवाल्याकडे गेली की उघड्या भट्टीत वितळते आणि शिशाची धूळ आसपासच्या मुलांच्या पोटात जाते. जगातल्या तीनपैकी एका मुलाच्या रक्तात 5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक शिसे आहे, असे युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही प्रदूषणावर काम करणारी संस्था यांनी 2020 मध्ये सांगितले, आणि बॅटऱ्यांचे बेकायदा पुनर्चक्रीकरण हे त्याचे मोठे कारण आहे. पर्यावरणाच्या नावाने बसवलेली यंत्रणा अशा भट्टीला माल पुरवणार असेल तर ते अक्षम्य आहे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकावर जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी आहे. खरेदीच्या करारातच जुन्या बॅटरीच्या अनुक्रमांकासह परतीची पावती बंधनकारक करावी.

निधी देणाऱ्यांना विनंती एवढीच की, एकूण रकमेतला एक भाग दहा वर्षांच्या देखभालीसाठी आणि किमान एका बॅटरी बदलासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता मार्चअखेर देऊ नये. जुलैतल्या एखाद्या ढगाळ संध्याकाळी मेन स्विच बंद करावा, प्रसूतिगृहातला वॉर्मर, दिवे आणि पंखे सुरू ठेवावेत, आणि चार तासांनी वॉर्मरचे तापमान तपासून मगच धनादेशावर सही करावी.

आपले,
आरोग्य उपकरणे व सौर यंत्रणांची देखभाल करणारे काही तंत्रज्ञ, ठाणे