नैराश्यावरील गोव्यातील संशोधन आपल्या आरोग्य केंद्रांत आणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्याविषयी वृत्तपत्रांत वेळोवेळी जे लेख आणि बातम्या येतात, त्या बहुतेक एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात : आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ फार थोडे आहेत. हे खरे आहे आणि ते छापले गेलेच पाहिजे. परंतु तज्ज्ञ थोडे, म्हणून खेड्यातल्या नैराश्यग्रस्त माणसाला उपचार मिळणे शक्यच नाही, असा जो अर्थ वाचक आणि प्रशासन दोघेही त्यातून काढतात, तो बरोबर नाही. तो बरोबर नसल्याचे काटेकोर वैद्यकीय चाचण्यांनी दाखवून दिले आहे, आणि त्या चाचण्या परदेशात नव्हे, तर शेजारच्या गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या आहेत. सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत त्या पोचाव्यात एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यात आरोग्य सहायिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. ओपीडीच्या वेळेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या बायका आम्हां सगळ्यांच्या ओळखीच्या असत. डोके जड होते, छातीत धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, रात्र रात्र डोळा लागत नाही, कशात जीव रमत नाही, अशी तक्रार असे. केसपेपरवर ‘अंगदुखी, अशक्तपणा’ एवढे लिहिले जाई आणि लोहाच्या व बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले जाई. बाहेर रांग लागलेली असताना वैद्यकीय अधिकाऱ्याला एका रुग्णासाठी जी दोन-तीन मिनिटे मिळतात, त्यांत याहून वेगळे काही होणे अवघड होते. दोष कोणा एकाचा नव्हता. ऐकून घेण्याचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नव्हते.

नेमक्या याच जागी गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्यासह तेथील संशोधकांनी काम केले. ‘मानस’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने मिळून नैराश्य व चिंताविकाराच्या सुमारे २,८०० रुग्णांचा तीत समावेश होता. निम्म्या ठिकाणी वैद्यकीय शिक्षण नसलेला, पण या कामासाठी तयार केलेला एक स्थानिक समुपदेशक बसवण्यात आला. आजार समजावून सांगणे, श्वसन व योगासने शिकवणे, गरज भासल्यास नातेसंबंधांतील अडचणींवर अनेक बैठकींत बोलणे हे त्याचे काम; औषध लिहायचे ते डॉक्टरनेच, आणि अवघड रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञाने अधूनमधून भेट द्यायची. सहा महिन्यांनी पाहिले, तेव्हा निदान पक्के झालेल्या रुग्णांपैकी समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत ६५.९ टक्के बरे झाले होते, तर समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत ४२.५ टक्के.

खासगी दवाखान्यांत मात्र समुपदेशकामुळे फरक पडला नाही, कारण तेथील रुग्ण त्याच्याशिवायही साधारण तितक्याच प्रमाणात बरे होत होते. हा निकाल संशोधकांनी लपवला नाही, आणि मला तो फार बोलका वाटतो. ओळखीचा डॉक्टर नावानिशी विचारपूस करतो, रुग्णाला वेळ देतो, त्याचा गुण येत असावा, असे माझे मत आहे. गर्दीच्या सरकारी केंद्रात तो वेळ समुपदेशकाने भरून काढला. म्हणजे ज्यांना पैसे मोजून वेळ विकत घेणे परवडत नाही, त्यांनाच या योजनेचा सर्वांत अधिक उपयोग झाला.

त्यानंतरची, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेली चाचणी तीव्र नैराश्याची होती. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतून ४९५ रुग्ण निवडले गेले. निवड झाली ती ‘पीएचक्यू-९’ या प्रश्नावलीने. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही का, मन उदास राहिले का, झोप, भूक, थकवा, स्वतःविषयीची अपराधी भावना, लक्ष न लागणे, हालचाली मंदावणे आणि शेवटी जगण्यापेक्षा मेलेले बरे असे विचार येणे, असे नऊ प्रश्न; प्रत्येकाला ‘मुळीच नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत शून्य ते तीन गुण, एकूण २७. चौदाहून अधिक गुण असणाऱ्यांनाच चाचणीत घेतले. यातला नववा प्रश्न विचारताना नवख्या कार्यकर्त्याची जीभ अडखळते. तो विचारल्याने रुग्णाच्या डोक्यात नसते विचार भरतील, ही भीती निराधार आहे. न विचारल्याने मात्र धोका नजरेआड राहतो.

निवडलेल्या रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीविना, पाडण्यात आले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना रुग्णाच्या नैराश्याची माहिती आणि उपचाराच्या सूचना दिल्या होत्या, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या रुग्णांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते. एका गटाला त्याशिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. या ३९ टक्क्यांकडे वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे. नैराश्य बऱ्याच जणांत काळाच्या ओघात आणि साध्या वैद्यकीय देखरेखीतही उतरते. दुसरा गट नसता, तर शंभरातले चौसष्ट बरे झाल्याचे सगळे श्रेय समुपदेशनाने घेतले असते. ‘आमच्याकडे इतके लोक बरे झाले’ असे सांगणाऱ्या प्रत्येक बुवाला, प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्राला आणि प्रत्येक सरकारी योजनेलाही हाच प्रश्न विचारला पाहिजे की, तुमच्याकडे न आलेल्यांचे काय झाले? गोव्यातील संशोधकांनी तो स्वतःलाच विचारला, म्हणून त्यांच्या उरलेल्या २५ टक्क्यांवर विश्वास ठेवता येतो.

या बैठकांत घडते तरी काय? उदास माणूस एकेक काम सोडत जातो. कामे सुटली की चार माणसांत मिसळणे सुटते, त्यातून मिळणारे समाधान जाते आणि उदासी आणखी दाटते. समुपदेशक हे चक्र रुग्णासमोर मांडतो आणि त्याच्याच आयुष्यातले एखादे लहानसे काम त्याच्याबरोबर ठरवतो. समजा, एखाद्या बाईने सहा महिन्यांत भजनी मंडळाचे तोंड पाहिलेले नाही. तर येत्या गुरुवारी तेथे अर्धा तास जाऊन बसायचे, सोबत कोणी जायचे, अडचण आली तर काय करायचे, हे सगळे वहीत लिहायचे आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचे. अर्ध्या-पाऊण तासाची ही बैठक केंद्रात होते किंवा रुग्णाच्या घरी. समुपदेशकांना पूर्वीचे व्यावसायिक शिक्षण नव्हते. त्यांना आधी काही आठवडे वर्गात शिकवले, मग काही महिने अनुभव घ्यायला लावला, आणि बैठकांचे ध्वनिमुद्रण करून दर आठवड्याला गटात ते ऐकून एकमेकांच्या कामाला गुण द्यायला लावले. माझ्या मते या योजनेचा कणा तो हाच. आपल्याकडे दोन दिवसांचे प्रशिक्षण, चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र एवढ्यावर काम उरकण्याची सवय आहे. त्या सवयीने हे काम केले, तर गोव्यातले आकडे येथे दिसणार नाहीत.

स्थानिक कार्यकर्ता प्रत्येक आजारावर पुरेसा पडतो, असा समज कोणी करून घेऊ नये. छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) रुग्णांना घरी जाऊन सामाजिक आधार देण्याची एक चाचणी तमिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात झाली व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एकंदर फायदा बेताचा होता आणि तो प्रामुख्याने तमिळनाडूच्या ग्रामीण भागात, जेथे उपचारांची सोय मुळातच अपुरी होती, तेथे दिसला. या आजारात औषध आणि तज्ज्ञ यांना पर्याय नाही. कार्यकर्ता त्यांच्या जोडीला हवा. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या, गावपातळीवर मानसिक आरोग्याची मदत पोचवणाऱ्या ‘विश्राम’ प्रकल्पात मात्र दीड वर्षात उपचारापर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्यात तुलनेचा गट नव्हता, ही त्याची मर्यादा आहे. तरीही आपल्याच राज्यात, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात लोक मदत घ्यायला पुढे येतात, एवढे त्यातून निश्चित कळते.

आता राज्याच्या आरोग्य विभागाकडे मागणी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, पण जिल्हा रुग्णालयापासून तीस-चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या बाईला त्याचा उपयोग एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी सोसूनच होतो. म्हणून प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात या पद्धतीने तयार केलेला एक पगारी समुपदेशक असावा. हे काम आशाताईंच्या आधीच भरलेल्या यादीत आणखी एक ओळ म्हणून टाकू नये. रुग्ण ओळखून समुपदेशकाकडे पाठवणे त्या उत्तम करतील, पण आठ बैठका घेणे हे स्वतंत्र काम आहे. मरणाचे विचार येणाऱ्या आणि तीव्र आजाराच्या रुग्णाला त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञाची वेळ मिळेल, अशी बांधणी हवी.

सगळीकडे एकदम सुरू करणे जमणार नाही, हे मला समजते. तसे असेल, तर एका जिल्ह्यात सुरुवात करून कोणत्या तालुक्यांत आधी आणि कोणत्या तालुक्यांत वर्षभराने, हे पुढाऱ्यांच्या आग्रहाने न ठरवता सोडत काढून ठरवावे. त्यामुळे तुलना आपोआप होईल आणि योजना खरोखर उपयोगी पडते का, हे वर्षभरात कळेल. रुग्णांची माहिती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे त्यांच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीनेच घ्यावी, आणि निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते मराठीत छापून ज्या गावांनी उत्तरे दिली त्या ग्रामपंचायतींत लावावेत.

आणखी एक गोष्ट. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणावरून आपल्या राज्यातील आजाराचा अंदाज बांधायचा, तर तो गुजरात-मध्य प्रदेशसारख्या राज्यांच्या आकड्यांवरूनच बांधावा लागतो. यापुढील सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश व्हावा, आणि त्यात विदर्भ, मराठवाडा, कोकण व पश्चिम महाराष्ट्र यांचे आकडे स्वतंत्रपणे मिळावेत, यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा. आपल्या वार्ताहरांनीही आरोग्य विभागाकडे या दोन्ही मागण्यांचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
जि. सातारा