आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या बीएलओ ताईंना मनापासून थँक्यू

ताई नमस्कार, तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, गल्लीतल्या लोकांना वाचल्या वाचल्या कळेल कोणाबद्दल आहे ते. सकाळी अंगणवाडी, मग पोषण आहाराची रजिस्टरं आणि त्यावर बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून ही मतदार यादी. लोकांना वाटतं बीएलओला सरकार खूप पैसे देतं, अहो किमान ६ हजार होते, २०२५ ला निवडणूक आयोगाने १२ हजार केले, आणि तेही वर्षाचे हं, महिन्याचे नाही.

सगळ्यात आधी थँक्यू त्या फॉर्म ७ साठी. विधानसभेच्या आधी आमच्या चाळीतल्या भाडेकरूंच्या नावावर कोणीतरी फॉर्म ७ टाकले की ही माणसं इथे राहत नाही, नावं काढा. आता एमआयडीसीत शिफ्टला जाणारी माणसं, दिवसा दाराला कुलूप असणारच ना, ते बघून "स्थलांतरित" लिहिलं असतं तर तुम्हाला कोणी विचारलंही नसतं. पण तुम्ही संध्याकाळी परत आलात, सेकंड शिफ्टवाल्यांसाठी रविवारी आलात, आणि एकेकाला बसवून सांगितलं की नाव असं परस्पर काढता येत नाही, आधी नोटीस येते, तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं, तेव्हा नोटीस आली तर घाबरू नका, कागद घेऊन जा. सगळी नावं राहिली ताई. २० नोव्हेंबर २०२४ ला सगळ्यांनी मत दिलं.

भाडेकरू काय, आज इथे उद्या तिथे, त्यांना कशाला पाहिजे मत, असं बोलणारे आमच्याकडेही आहेत आणि मला ते ऐकून फार राग येतो. बारा-बारा वर्षं इथलं पाणी भरणारा, पोरं इथल्या मनपाच्या शाळेत घालणारा माणूस इथला नाही तर कुठला? तुम्हीच सांगितलं होतं, १९५० च्या कायद्यात चक्क लिहिलंय की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, प्रत्यक्षात राहतं कोण ते बघायचं. हे मी आता भेटेल त्याला सांगते.

आणि ते साईटवरचे बांधकाम मजूर, पेठ-सुरगाण्याकडून आलेले, कित्येक वर्षं इथेच आहेत पण ना लाईट बिल ना भाडेकरार. पत्त्याचा कागदच नसेल तर बीएलओने स्वतः जाऊन खात्री करायची आणि बेघर माणूस असेल तर रात्री जाऊन बघायचं की तो खरंच तिथे झोपतो का, असा नियम आहे. नियम असतात हो, पण रात्री साडेदहाला स्कुटीवर पपया नर्सरीच्या पुढे जाणारं कोणीतरी लागतं. तुम्ही गेलात, मिस्टरांना सोबत घेऊन.

आमच्या सासूबाईंचं तर काय सांगू. ८८ वय, जिना उतरता येत नाही, त्यांनी मतदान सोडूनच दिलं होतं. ८५ च्या वरच्यांना घरून मत देता येतं म्हणून फॉर्म १२डी तुम्ही घरी आणून दिला, आणि तो निवडणूक जाहीर झाली की ठरलेल्या मुदतीतच द्यावा लागतो म्हणून दोनदा फोनही केला. मग टीम आली, व्हिडिओवाला, पोलीस, पुठ्ठ्याचा आडोसा लावला. त्यांचा मुलगा शेजारी उभा राहायला गेला तर त्या म्हणाल्या तू बाहेर हो, माझं मत मीच देणार. शाई लावलेलं बोट आल्या-गेल्याला दाखवत होत्या.

अजून एक काम आहे ताई. शेजारच्या पोरीला ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होताय, म्हणजे मतदार नोंदणीसाठी १ ऑक्टोबरची पात्रता तारीख तिला लागते ना, पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही. नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरून, फोटो लावून माझ्याकडे ठेवलाय. इकडे आलात की घेऊन जा, आणि या वेळी चहा न घेता जायचं नाही.