सूचना : रविवारची बैठक
मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता दापोलीत, नेहमीच्या ओसरीवर. विषय : मेथडिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातले) पाद्री ई. स्टॅन्ली जोन्स.

हा अमेरिकन माणूस १९०७ साली हिंदुस्थानात आला, लखनौला राहिला. १९२८ मध्ये बिशप म्हणून निवड झाली, तर लगेच नकार! (आपल्याकडे मंडळाचं चिटणीसपद सुटत नाही.) १९३० मध्ये नैनीतालजवळ साततालला आश्रम काढला, १९५० मध्ये लखनौत मनोरुग्णांसाठी नूर मंझिल. त्यांनी गांधीजींवर लिहिलेल्या पुस्तकाचा अमेरिकेतल्या आपल्या अहिंसक लढ्याला आधार झाला, असं मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना सांगितलं होतं म्हणतात. बोलायचं ते मुख्यतः यावरच.

आपल्या करजगावचे रेव्हरंड टिळक मेथडिस्ट नव्हते. मागच्या वेळचा घोळ पुन्हा नको.

पाऊस आहे, वीज जाणारच. बॅटरी आणा. दोन छत्र्या इथेच राहिल्यात, न्या.