हर्णै बंदरावरच्या माझ्या माणसांना

नाखवा, काकी, तांडेलमामा, आजी आणि बंदरावरची सगळी मंडळी,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, कुत्रा काय म्हणतो?" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहूनच काढते, आणि चारचौघांत लिहिते, म्हणजे मधेच तोडता येणार नाही. धाकटीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. तांडेलमामांसाठी जरा जास्तच मोठ्याने.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यात मी एका वयस्कर बाईंकडे राहून त्यांचं सगळं बघायची. चोवीस तासांचं काम, राहणं-जेवण तिथेच. बाईंना माझ्या कुत्र्याचा, भुऱ्याचा लळा, म्हणून तोही तिथेच. बाई गेल्या, दिवसवार झाले आणि मुलांनी घर विकायला काढलं. घर त्यांचं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काम आणि छप्पर एकदमच गेलं. मग जिथे विचारलं तिथे बाई हवी होती, कुत्रा नको होता. त्यातून भुऱ्या तेरा-चौदा वर्षांचा, मागचे पाय धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. "द्या ना कुठेतरी सोडून, जगेल तो," असं मला शिकल्यासवरल्या लोकांनी सांगितलंय. अगदी चहा पीत पीत सांगितलंय.

दापोलीकडे पाहुण्यांच्या एका घरात स्वयंपाकाचं काम फोनवर ठरलं होतं. मार्केट यार्डात आंबा उतरवून रिकामा परत चाललेला टेम्पो मिळाला, पेट्यांतलं सुकं गवत भुऱ्याला अंथरूण झालं. पोचलो, तर मालकांनी आधी भुऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काम नाही म्हणाले. टेम्पोवाल्यालाच माझी दया आली. "बंदरावर सोडतो, तिथे कुत्र्याला कोण हाकलत नाही," म्हणाला. तुमच्याबद्दल मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

मे सरत आला होता. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे मला तेव्हा कुठून माहीत असणार? मला फक्त धावपळ दिसली. मोठ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायची घाई, लहान होड्या ओढून वर घेतलेल्या, कोणी ताडपत्र्या बांधतंय, कोणी इंजिन खोलून बसलंय, बायका आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सुकट-सोडे भरून ठेवतायत. आता कळतं, तुमची कमाई थांबायच्या नेमक्या तोंडावर मी दारात उभी राहिले होते. घरात येणारा पैसा दोन महिने आटणार आणि त्याच वेळी एक बाई नि एक लंगडा कुत्रा. कोणीही "पुढे बघा" म्हणालं असतं.

तांडेलमामांनी एवढंच विचारलं, "चावतो काय?"

मी म्हटलं, "दात कुठे राहिलेत?"

"मग वर घ्या त्याला."

वर म्हणजे शाकारलेल्या होडीत. मला शिडीवरून चढता आलं, भुऱ्याला कसं चढणार? तेव्हा तुमच्यातल्या दोघांनी काय केलं ते मी अजून लोकांना हाताने करून दाखवते. मासळीचा निळा प्लास्टिकचा क्रेट आणला, तळाला गोणपाट घातलं, बावीस किलोचा भुऱ्या त्यात बसवला, चारी कोपऱ्यांना दोरी बांधून ती कप्पीवर घेतली आणि हळूहळू ओढला वर. मामा खालून एक हात क्रेटला लावून, "डोल नको, डोल नको," असं त्यालाच समजावत होते. भुऱ्या मान बाहेर काढून सगळीकडे बघत होता. त्याला आयुष्यात कोणी एवढ्या इतमामाने कुठे नेलं नव्हतं. वर पोचला, फळीचा वास घेतला आणि तिथेच आडवा झाला.

सुवर्णदुर्ग बघायला लोक पैसे मोजून होडीत बसतात. मला तो ताडपत्रीच्या फटीतून अंथरुणातून दिसायचा.

अमावास्येच्या उधाणाची रात्र मात्र मी विसरणार नाही. पाऊस सुरू झाला होता आणि मी झोपले होते. मामा बॅटरी घेऊन आले, मागे नाखवा. भरतीचं पाणी होडीच्या तळापर्यंत येणार हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. तुम्ही दिवस मोजत होतात, मला घाबरवायचं नाही म्हणून बोलला नव्हतात इतकंच. पुन्हा क्रेट, पुन्हा कप्पी, या वेळी खाली. भिजत भिजत मला खलाशांच्या खोलीत नेऊन सोडलंत. नेपाळची पोरं बंदीत गावी गेली होती, खोली रिकामी होती. काकी, तुम्ही कोरडं लुगडं दिलंत आणि म्हणालात, "निसर्ग वादळात आमचं पण छप्पर ऱ्हायलं नव्हतं, बाय. आम्ही पण दुसऱ्याच्या घरात निजलो." ३ जून २०२० चं ते वादळ तुमच्या बोलण्यात अजून असं येतं, जणू परवाच होऊन गेलं. त्यावर पुढे कोणी काही बोललं नाही. किती दिवस राहणार, हेही विचारलं नाही.

दापोलीचा पाऊस मी ऐकून होते. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणतात. पण ऐकणं वेगळं आणि संधिवाताचा कुत्रा घेऊन त्यात राहणं वेगळं. गारठ्याने भुऱ्याचे मागचे पाय पार आखडले. सकाळी उठायचा प्रयत्न करायचा, पुढचं अंग उठायचं आणि मागचं फरशीवरच. तुम्ही मासळीच्या बर्फाच्या पेट्यांतलं जाड थर्माकोल आणून दिलंत, खालची ओल वर येऊ नये म्हणून. कोणीतरी त्यावर जुनं जाळंही घातलं होतं, ते आजींनी लगेच काढायला लावलं. नखं अडकतील म्हणाल्या. बिछान्यावरून सगळं दिसायचं त्यांना.

बर्फाच्या टेम्पोने दापोलीला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलंत, येताना भाडं घेतलं नाहीत. डॉक्टरांनी वजनावर गोळी बांधून दिली आणि पावसाळ्यात उंदीर फिरतात त्या पाण्यातून लेप्टो होतो म्हणून लसही टोचली. कोकणातच कुत्रं पाळणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर सांगून ठेवते: माणसांची अंगदुखीची गोळी त्यांना देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. मामा स्वतःच्या डब्यातली गोळी द्यायला निघालेच होते.

आता दादांबद्दल. जाळी शिवणारे दादा. त्यांचं नाव लिहिलं तर ते रागावतील. बंदीत तुमची जाळी दुरुस्तीला निघतात, ते भिंतीला टेकून दिवसभर शिवत असायचे आणि भुऱ्या त्यांच्या पायाशी. महिनाभर त्यांनी त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. एक दिवस जवळ येऊन बसले आणि वितीने त्याचं पोट मोजलं, मग मांड्यांमधलं अंतर, मग पाठीपासून माझ्या हातापर्यंतची उंची. मला म्हणाले, "सरळ उभी ऱ्हा." दुसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या दुहेरी पट्ट्याची झोळी घेऊन आले, पोटाखालून घ्यायची, आत जुन्या सतरंजीचं मऊ अस्तर, वर दोन नायलॉनच्या मुठी. टाके जाळ्याच्या दोऱ्याचे. मुठी धरून मी मागचं अंग थोडं उचलायचं आणि भुऱ्याने पुढच्या पायांनी चालायचं. दुकानात असला पट्टा मिळतो, मी किंमत बघितली होती. तो मला परवडला नसता, आणि त्यात इतका नेमका मापाचा नसता. चालताना भुऱ्याला काचत नाही ना हे बघायला दादा आमच्यामागे पार वाळूपर्यंत आले आणि परत जाऊन जाळं शिवायला बसले.

मी काय केलं तुमच्यासाठी? आजींचं केलं, ते तर माझं रोजचंच काम. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, एवढ्यानेच पाठीची जखम भरत आली. काकींनी पैसे पुढे केले तेव्हा मी घेतले नाहीत, बंदीत कोणाच्या हातात पैसा असतो? नाखव्यांनी तेव्हा काही म्हटलं नाही. नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ दिला, बोटी गेल्या. घरच्या होडीचा पहिला हिशेब झाला. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, तुमची जुनी रीत. त्यात एक वाटा माझ्यासमोर ठेवलात. मी नको म्हणायला तोंड उघडलं तर नाखवा म्हणाले, "घरात हात लागलाय तुझा. वाटा नको म्हणायची रीत नाय आमच्यात." वर भुऱ्याची मांदेली वेगळी.

मांदेली काकी उकडून, काटे काढून द्यायच्या. जाळ्यातून काढून टाकलेल्या मासळीकडे त्याला जाऊ द्यायचं नाही, हा मामांचा कायदा. त्यात केंड मासा असतो, आणि तो पोटात गेला तर विषच. बंदरावरच्या सगळ्या पोरांना मामांनी सांगून ठेवलं होतं, भुऱ्या लिलावाच्या बाजूला दिसला की माझ्याकडे आणून सोडायचा. एका शेजारणीला तो शेवटपर्यंत आवडला नाही. सुकत घातलेल्या बोंबलांच्या आसपास तो दिसला की ओरडायच्या. त्यांचं बरोबरच होतं, बोंबील त्यांच्या पोटापाण्याचे. त्यांनाही नमस्कार.

खलाशी परत आले तेव्हा मला वाटलं, आता खोली सोडायची. पोरांनी स्वतःहून माळ्यावर अंथरुणं टाकली आणि खाली आम्हाला ठेवलं. कित्येक महिने घरापासून लांब राहणार म्हणून भुऱ्याला आपलंच कुत्रं मानून टाकलं त्यांनी. दिवाळीत नरकचतुर्दशीला बोटी बंदरातच होत्या. सकाळी माझी अंघोळ होते न होते तोच पोरं आली, झेंडूची माळ आणि कुंकवाचं तबक घेऊन. त्यांच्याकडे तिहारचा, म्हणजे त्यांच्या दिवाळीतला, तो कुकुराचा दिवस, कुत्र्याची पूजा करायचा. भुऱ्याला टिळा लावला, माळ घातली, पुढ्यात भात आणि उकडलेलं अंडं ठेवलं. त्याने आधी अंडं खाल्लं, मग माळेतली दोन फुलं. काकींनी अख्ख्या वाडीला बोलावून दाखवलं. मी चाळीस वर्षं दिवाळी केली असेन, पण कुत्र्यासाठी सकाळी पणती लावलेली पहिल्यांदाच बघितली. सगळ्यात धाकट्या पोराने नंतर भुऱ्याच्या शेजारी बसून घरी फोन लावला आणि आईला कॅमेऱ्यातून त्याचं दर्शन दिलं. ती पलीकडून हात जोडत होती.

चिपळूणचं हे काम काकींच्या भाचीने शोधलं. तिने आधी फोन करून "कुत्रा आहे, म्हातारा आहे, तो बरोबर येणार" असं सांगून मग माझं नाव घेतलं. इथले आजोबा दिवसातून दोनदा भुऱ्याला झोळीत धरून अंगणात फिरवतात, मला हात लावू देत नाहीत. त्यांचं स्वतःचं चालणं सुधारलंय, असं डॉक्टर म्हणतात. भुऱ्याला आता दुसऱ्या डोळ्यानेही कमी दिसतं. पण मासेवाली दारात आली की सगळ्यांत आधी त्याला कळतं.

आता तीन कामाच्या गोष्टी. नाखवा, तुमची ताडपत्री माझ्याकडे आहे, पेणच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवते, तो आंजर्ल्याला जातो. दादांना सांगा, झोळीची उजवी मूठ उसवायला लागली आहे. इथल्या चांभाराला दाखवली, तो म्हणाला, हा टाका आमच्याकडे कोणाला येत नाही. आजींच्या पोटऱ्यांखाली छोटी उशी ठेवायची आहे, टाचा अधांतरी राहतील अशी, पाठीची जखम भरली म्हणून ते विसरायचं नाही.

आणि पोरांना सांगा, तिहारला आम्ही येतोय. अंडी या वेळी मी आणते.

तुमची,
कुत्रेवाली बाय